साबणाच्या डबीतले आवाज

१२ जानेवारी

ताई,

परवा सकाळी प्रार्थना आटोपली आणि तुझी डबी कानाला लावून मी दारातल्या पायरीवर बसलो. भिंतीपलीकडे शेजारीण धान्य निवडत होती. खडा ताटलीत पडला की त्याचा टण्ण आवाज येत होता, दाण्याचा वेगळा. मांजर अंगणातून गेलं तर त्याच्या पावलांचासुद्धा आवाज आला. शेवटी मीच बटण बारीक केलं, कारण शेजारीण नवऱ्याला सांगू लागली की बघा, खटपट्या आज नुसताच वायरी लावून बसलाय, बायको गेल्यापासून हा असाच. डबी उत्तम चालते याला आणखी काय पुरावा हवा?

फोनवर तुझी-माझी भांडणं व्हायला लागल्यापासून ही करायची मनात होतं. मी विचारायचो गुडघे कसे आहेत, तू सांगायचीस पाऊस नाही. तेव्हा पत्रच बरं, आणि ऐकायला ही डबी.

साबणाची प्लास्टिकची डबी आहे, हसू नकोस. पत्र्याची घेणार होतो, पण खिशात जड झाली असती, शिवाय पत्र्याला भोकं पाडताना हात कापतो. आत एक मायक्रोफोन, आवाज वाढवणारी नखाएवढी चकती, आणि खाली बॅटरी. काळं बटण उजवीकडे फिरवलं की आवाज मोठा. अगदी शेवटपर्यंत फिरवू नकोस, शीळ घालते. हेडफोनचे दोन्ही कर्णे मऊ कापडाने मढवले आहेत, कान दुखणार नाहीत.

नेहमीप्रमाणे दोन केल्या. एक तुला, एक माझ्या बाकावर. तुझ्याकडचीत काही झालं की मी माझ्याकडची तशीच बिघडवून बघतो आणि उपाय पत्राने कळवतो. मी कामाला आहे त्या पंपघरातले लोक मला हसतात, की माणूस एक वस्तू धड करतो, हा दोन अर्धवट करतो. हसू देत. लांबच्या माणसाची वस्तू दुसऱ्या कुठल्या रीतीने दुरुस्त करणार?

पहिल्यांदा लावशील तेव्हा काय ऐकू आलं ते लिही.

तुझा,
खटपट्या


२५ जानेवारी

प्रिय खटपट्या,

पहिल्यांदा काय ऐकू आलं विचारतोस, तर माझीच चप्पल. मी इतकी फरफटत चालते हे मला ठाऊकच नव्हतं. मग उकळणारं पाणी. मग सूनबाईचं शिवणाचं मशीन. इतके दिवस मला वाटायचं ते मुकाट चालतं.

आणि सूनबाईचा आवाज. ती लग्न होऊन आली तेव्हा माझे कान गेलेलेच होते, त्यामुळे तो मी कधी नीट ऐकलाच नव्हता. तिच्या तोंडावरून मी मनात तिला एक बारीक आवाज देऊन टाकला होता. निघाला चांगला जाडसर, वर्गाला दरडावणाऱ्या बाईंसारखा. मी तिला म्हटलं, पुन्हा बोल. ती म्हणाली, "काय बोलू आई?" मी म्हटलं, हेच. मग दोघी हसलो. तुझा भाचा पाळीवरून आला तर आम्हाला वाटलं तो नवीनच माणूस आहे, एवढा घसा बसलेला त्याचा. छापखान्यातल्या यंत्रांवर ओरडून ओरडून असं झालंय म्हणे.

नवी जागा मला आवडली. माझी खोली मागच्या बाजूला आहे, स्वयंपाकघराला लागून. खिडकीसमोर मोकळं रान आणि त्यात एक भला उंच लोखंडी मनोरा, टोकाला लाल दिवा. सकाळी उठल्याउठल्या तो दिवाच दिसतो, आणि सवयीने माझे हात जोडले जातात. सूनबाई म्हणते, आई, ते देऊळ नाही. मी म्हटलं, उंच आहे ना, पोचेल.

एकच तक्रार. डबी अंगावर ठेवली की कपड्यांची खसखस फार. कोणी बोललं तर आधी माझेच कपडे बोलतात. मायक्रोफोन तेवढा बाहेर काढून टेबलावर ठेवता येईल का? खाटेपासून टेबल चांगलं चार हात लांब आहे.

बॅटरी सूनबाई बदलते. तिला जमतं.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

ताई,

कपड्यांचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी उघड्या अंगाने बसून तपासली होती.

या पार्सलात दुसरी डबी आहे. मायक्रोफोन लांब वायरीच्या टोकाला, बूच कोरून त्यात बसवला आहे. बूच टेबलावर ठेव, डबी खाटेवर असू दे. वायर चार हात म्हणालीस, मी सहा हात दिली, म्हणजे टेबल सरकवलं तरी पुरेल. खरं तर अशा कामाला जाळीची वायर घेतात. आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी विणलेली असते ती. ती आमच्या दुकानात नव्हती आणि मोठ्या बाजारात जायला रजा नव्हती. म्हणून जुन्या टेलिफोनची साधी वायर लावली. आवाज तेवढाच येतो, मी ऐकून बघितला. माझ्याही डबीला तशीच लावली आहे.

भाच्याला सांग, घशाला मीठ-पाणी. सूनबाईचा आवाज जाडसर निघाला हे वाचून बरं वाटलं. जाड आवाजाची माणसं मनात काही ठेवत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आमच्या हिचा तसाच होता.

घरात आता बोलायला मी आणि रेडिओ. तोही मीच केलेला, तेव्हा तो माझं ऐकतो. तुझं पत्र येतं त्या दिवशी घरात माणूस आल्यासारखं वाटतं, म्हणून लवकर लिहीत जा.

तुझा,
खटपट्या


१ मार्च

प्रिय खटपट्या,

डबी मिळाली. उशिरा लिहितेय, राग मानू नकोस. खसखस गेली.

दुपारी जेवून मी पडते. उठते तेव्हा सूनबाईने थर्मासात चहा भरून उशाशी ठेवलेला असतो. तो घेऊन खिडकीशी बसते आणि डबी लावते. हल्ली सूनबाई त्या वेळी स्वयंपाकघरात रेडिओ लावत असावी. गाणी येतात, लांबून आल्यासारखी. जुनी गाणी आहेत, ऐकायला बरी वाटतात.

एक विचारायचं होतं. जवळचं ऐकू येईल आणि लांबचं येणार नाही, असं काही करता येतं का? माझ्या खोलीतलं तेवढं आलं तरी मला पुरे. भिंतीपलीकडचं नको.

घाई नाही. जमत नसेल तर राहू दे.

ताई


८ मार्च

ताई,

लोक माझ्याकडे लांबचं ऐकू यावं म्हणून येतात, येऊ नये म्हणून येणारी तू पहिलीच. पण प्रश्न चांगला आहे, मी दोन दिवस त्यावरच आहे.

भिंतीपलीकडची गाणी ऐकू येतात म्हणजे डबी माझ्या अंदाजापेक्षा तेज निघाली. मनातून मला अभिमानच वाटला. आता उपाय सांगतो. जाड पुठ्ठ्याची एक नळी कर, हाताच्या पंजाएवढी लांब, आणि बूच तिच्या तळाशी बसव. नळीचं तोंड बोलणाऱ्या माणसाकडे धर. समोरचं येईल, बाजूचं बरंचसं गळेल. मी इथे करून बघितलं. शेजारीण निम्मी झाली.

त्यानेही भागलं नाही तर काळं बटण थोडं डावीकडे घे. पण मला विचारशील तर सवय होऊ दे. इतकी वर्षं शांततेत काढलीस, त्यामुळे पहिल्यांदा सगळंच जास्त वाटणार. देवाने कान दिले ते गाळणी लावून दिलेले नाहीत. काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते मन हळूहळू शिकतं.

नळीचं काय झालं ते कळव.

तुझा,
खटपट्या


४ एप्रिल

खटपट्या,

नळी केली. गाणी कमी झाली नाहीत, आणि दुसरं जे येतं तेही कमी झालं नाही. तुझ्या हाताला दोष नाही. डबी चांगली आहे. फार चांगली आहे, म्हणून तर.

आधी एक सांग. तुझी मागची खोली आता कशासाठी वापरतोस?

लिहू की नको असं करत महिना काढला. तूच एक आहेस म्हणून लिहिते. दुपारी गाणी संपली की ते दोघं स्वयंपाकघरात बोलत बसतात. तुझ्या भाच्याची सध्या सकाळची पाळी आहे, तेव्हा तो घरीच असणार. शब्द स्पष्ट येतात. ती म्हणते, म्हातारीची सोय दुसरीकडे करा, मला या घरात मोकळा श्वास हवा. तो म्हणतो, जरा धीर धर, मी बोलतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, थोडं पुढे सरकलेलं. आता तर ती म्हणाली, तुम्ही बोलत नसाल तर मी बोलते.

आणि खटपट्या, तिचा आवाज तिथे बारीक असतो. मी मनात तिला दिला होता ना, तस्सा. माझ्याशी बोलताना जाडसर आणि माझ्यामागे बारीक. दोन आवाज आहेत तिला.

उठून बघायला गेले नाही. दाराला कान लावणारी म्हातारी, असं नाव मला नको. विचारलंही नाही. विचारलं तर ते नाही म्हणतील, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं मला ओळखावं लागेल. इतकी वर्षं लोकांचे ओठ वाचत आले, आता माझ्याच मुलाचे वाचवत नाहीत. मी बोलणं कमी केलंय. ती विचारते आई काय झालं, मी म्हणते गुडघे.

तिने बोलून दाखवायच्या आधी आपणच निघावं असं ठरवलंय. तुझ्याकडे आले तर चालेल का? मी तुला त्रास देणार नाही. यातलं त्यांना काही लिहू नकोस. भावाकडे चार दिवस जाते एवढंच सांगून निघेन.

ताई


९ एप्रिल

ताई,

चालेल का असं विचारलंस याचाच राग आला. आई गेली तेव्हा मला कडेवर घेऊन कोण फिरत होतं? शाळेत नाव घालायला माझं बोट धरून कोण गेलं होतं? त्यात भाच्याचा राग वेगळाच. त्याला दोन शब्द लिहायला बसलो होतो, पण तू नको म्हणालीस म्हणून फाडून टाकलं.

मागच्या खोलीत माझा कामाचा बाक होता. आता नाही. पत्र मिळालं त्याच दिवशी तो व्हरांड्यात काढला. जड शिसवी बाक, एका बाजूने उचलायचा, सरकवायचा, मग दुसऱ्या बाजूने. भिंतींना रंग दिला, फिका पिवळा, तुला निळा आवडत नाही म्हणून. न्हाणीघरात धरायला दांडी ठोकली.

आणि तुझ्यासाठी दोन वस्तू केल्या. दाराच्या घंटेचं बटण दाबलं की तुझ्या खोलीतला दिवा उघडझाप करतो, म्हणजे डबी लावलेली नसली तरी कोणी आलं ते कळेल. आणि गजराच्या घड्याळाला जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर जोडली आहे. ती उशीखाली ठेवायची. वेळ झाली की उशी गुदगुल्या करते. मी रोज तिच्यावर झोपून बघतो आणि रोज दचकून उठतो.

मेच्या पहिल्या रविवारी मी तुला न्यायला येतो. गाडीचं तिकीट काढलं. पंपघरात रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "खटपट्या, तू आणि रजा?" मी म्हटलं, ताई येतेय राहायला. त्यांनी सही केली आणि म्हणाले, तुझा चेहरा बघून मला वाटलं लॉटरी लागली.

थोडे दिवस तोंड मिटून काढ. जास्त सामान घेऊ नकोस, इथे सगळं आहे.

तुझा,
खटपट्या


१४ एप्रिल

मामा,

तुमची भाचेसून. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, चुकलं तर समजून घ्या. यांना न सांगता लिहितेय.

आईंना काय झालंय ते तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. फेब्रुवारीपर्यंत त्या इतक्या खुशीत होत्या की मी मशीन थांबवून त्यांच्याशी बोलत बसायचे. आता मी समोर आले की खिडकीकडे बघतात. विचारलं तर गुडघे म्हणतात. परवा खाटेखाली झाडताना त्यांची पिशवी भरलेली दिसली. त्यात त्यांची प्रार्थनेची पोथीसुद्धा होती. चार दिवसांसाठी कोणी पोथी नेत नाही.

माझं काही चुकलं का ते आठवून बघते. एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. दुपारी त्या झोपल्या की मी तीन वाजता मागच्या दाराने बाहेर पडते आणि कोपऱ्यावरच्या शिंप्यांकडे मुलींचा शिवणवर्ग घेते. परत यायला पाच वाजतात. सांगितलं असतं तर त्या माझ्यासाठी जाग्या राहिल्या असत्या, म्हणून चहा थर्मासात ठेवून गुपचूप जाते. यांची सकाळची पाळी असली तरी सध्या हे संध्याकाळीच येतात. छापखान्यात नवीन यंत्र आलंय, ते शिकायला थांबतात. म्हणजे दुपारी आई घरात अगदी एकट्या असतात. तोच राग असेल का?

पण राग येतो तो त्याच वेळी, हे मला कळत नाही. मी पाचला येते तेव्हा त्या डबी लावून खिडकीशी असतात आणि त्यांचा चेहरा मेलेला असतो. रिकाम्या घरात त्या डबीतून त्यांना काय ऐकू येतं कोण जाणे. एकदा मला म्हणाल्या, तुझी रेडिओवरची गाणी चांगली असतात. मामा, आमचा रेडिओ या घरात येतानाच मोडला. तो माळ्यावर पडलाय.

त्या जातील याची मला भीती वाटते. माझी आई मला आठवत नाही. मला हे कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

तुम्ही मोठे आहात, काय ते सांगा.

तुमची भाचेसून


३० एप्रिल

ताई,

हे पत्र सावकाश वाच, आणि वाचून होईपर्यंत मनातल्या मनात मला शिव्या देऊ नकोस. नंतर दे.

पंधरवड्यापूर्वी सूनबाईचं पत्र आलं. तुला न विचारता लिहिलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. पत्र वाचलं आणि मला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं. तू दुपारी डबी लावतेस तेव्हा तुझ्या घरात कोणी नसतं, ताई. सूनबाई तीनला कोपऱ्यावरच्या शिंप्यांकडे शिकवायला जाते आणि पाचला येते. तू जागी होशील म्हणून सांगत नाही. भाचा संध्याकाळपर्यंत छापखान्यात असतो. स्वयंपाकघर रिकामं असतं, आणि रेडिओ माळ्यावर मोडून पडलाय.

तू मला मनोऱ्याबद्दल जानेवारीतच लिहिलं होतंस. ज्याचा जन्म वायरी जोडण्यात गेला त्याने तेव्हाच ओळखायला हवं होतं की तो रेडिओ केंद्राचा मनोरा आहे. पण मी तुझं हात जोडणं वाचून हसलो आणि पुढे गेलो.

कळल्यावर लगेच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. पत्र घडी करून बाकाच्या खणात टाकलं. मनाशी म्हटलं, खात्री कुठे आहे? उगाच कशाला लिहायचं? रविवार जवळ आलाय, ताई येईल, मग सावकाश बघू. सकाळी प्रार्थनेला बसलो की मागायला एकच गोष्ट होती, ताई येऊ दे. ती मागायला जीभ वळेना. रोज नुसताच बसून उठलो. मागची खोली रंगाच्या वासाने भरलेली, तुझी उशी तिथे मांडलेली. तिच्याकडे बघितलं की खणातलं पत्र आठवायचं.

काल मात्र उठलो, माझ्याकडची डबी घेतली, तुझ्या डबीची जोड, तीच वायर, तेच बूच, आणि बसने शेजारच्या शहरात गेलो. तिथेही असाच मनोरा आहे, कुंपणाच्या आत. कुंपणाला टेकून बसलो, वायर तुझ्या खोलीत असेल तशी लांब पसरली, कर्णे कानाला लावले. आधी गुणगुण, मग गाणी. लांबून आल्यासारखी, तू म्हणालीस तशीच.

रखवालदार आला. पिकलेल्या मिशांचा माणूस, हातात काठी. त्याला वाटलं मी काहीतरी चोरतोय. मी म्हटलं चोरत नाही, ऐकतोय, आणि एक कर्णा त्याच्या हातात दिला. तोवर गाणी संपली होती. एक बाई बारीक आवाजात म्हणाली की मी त्यांच्याशी आज स्पष्ट बोलणार आहे. त्याने कान टवकारले आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. "गप्प बसा हो जरा," मला म्हणाला, "आज ती सासूला तोंडावर सांगणार आहे."

ती रेडिओवरची मालिका आहे, ताई. रोज दुपारी असते, आणि तुमच्याकडच्या केंद्रावरूनही लागते असं तो म्हणाला. त्याची बायको ऐकते, त्यामुळे त्यालाही ऐकावी लागते. त्या सुनेवर त्याचा इतका राग की मालिका संपल्यावरही तो तिला नावं ठेवत माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आला. मला त्याचं पुढचं काही ऐकू आलं नाही.

चूक माझीच आहे. जाळीची वायर आणायला मी गेलो नाही. साधी लांब वायर लावली, तीच एरियल झाली, मनोऱ्यावरून येणाऱ्या रेडिओच्या लहरी तिने पकडल्या, आणि प्लास्टिकच्या डबीने त्यांना अडवलं नाही. पत्र्याची डबी असती तर अडवलं असतं. घाईत केलेल्या कामाची शिक्षा तुला झाली, आणि त्या पोरीलाही.

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. भाऊ त्यांची बाजू सावरतोय असं तुझ्या मनात येईल, तुला मी ओळखतो. स्वतः तपासून बघ. एखाद्या दुपारी सूनबाईला वर्ग बुडवायला सांग आणि खिडकीशी जवळ बसव. जुनीच डबी लाव. एक कर्णा तुझ्या कानाला, एक तिच्या. मग ती बारीक आवाजाची बाई बोलायला लागली की सूनबाईच्या ओठांकडे बघ. ते मिटलेले असतील. सूनबाईला एकच आवाज आहे, ताई, जाडसर.

त्यानंतर नवीन डबी वापर. रात्रीची पाळी झाल्यावर झोपलो नाही, सकाळी तीच करत बसलो. चहाच्या पत्र्याच्या डब्यात बसवली आहे, आतून कागद चिकटवलाय. वायर जाळीची आहे, काल येताना मोठ्या बाजारातून घेतली. भोकं पाडताना बोट कापलं. खिशाला जड होईल, पण तिच्यात तुझ्या घरातलंच तेवढं ऐकू येईल. जोडीची दुसरी माझ्याकडे आहे.

हे सगळं बघून, ऐकून, तरीही तुला इकडे यावंसं वाटलं तर ये. त्या आवाजांमुळे मात्र येऊ नकोस.

डबीचं पार्सल दुपारी पोस्टात दिलं. गाडीचं तिकीट परत केलं. रजेचा अर्जही मागे घेतला. साहेबांनी आपली सही खोडली. संध्याकाळी घरी येऊन व्हरांड्यातला बाक पुन्हा मागच्या खोलीत नेला, एका बाजूने उचलून, सरकवून, मग दुसऱ्या बाजूने. तो भिंतीला लागला, त्यावर कंदील ठेवला, आणि मगच हे लिहायला बसलो. आधी लिहायला बसलो असतो तर पत्र पुरं झालं नसतं.

तुझा,
खटपट्या